दक्षिण कोकणात जाताना : पंचांग, आठवडा बाजार आणि मासळीची वेळ

दिवाळी जवळ आली की मुंबई-पुण्याकडच्या आप्तेष्टांचे फोन सुरू होतात आणि बहुतेकांच्या हाती अलिबागपासून गोव्यापर्यंतच्या ठिकाणांची भलीमोठी यादी असते. त्यांना माझे पहिले सांगणे असे असते, की यादीतली निम्मी नावे आधी खोडून टाकावीत. महाराष्ट्राचा किनारा सुमारे ७२० किलोमीटर लांबीचा आहे आणि त्यात इतक्या खाड्या शिरलेल्या आहेत की समोर दिसणाऱ्या गावाला पोहोचायला कधी कधी तासभर वळसा घालावा लागतो. अशा प्रदेशात रोज नवा मुक्काम ठरवणाऱ्याचा निम्मा प्रवास गाडीच्या काचेतून होतो. म्हणून मी कुडाळ, मालवण, सावंतवाडी आणि वेंगुर्ले एवढाच टापू सुचवतो. ही चारही सिंधुदुर्ग जिल्ह्यातील तालुक्यांची गावे आहेत. हा जिल्हा १ मे १९८१ रोजी जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातून वेगळा झाला. कुडाळ कोकण रेल्वेवर आहे आणि तेथून बाकीची तिन्ही गावे तासाभराच्या आत-बाहेर येतात, त्यामुळे एकाच घरी बिऱ्हाड ठेवून रोज वेगळ्या दिशेला जाता येते.

एकदा टापू ठरला की कोणत्या दिवशी कोठे जायचे हे अंतरावरून ठरवण्याचे कारण उरत नाही. ते तिथीवरून, वारावरून आणि होड्या केव्हा किनाऱ्याला लागतात त्यावरून ठरवावे. येथील माणसे आपले दिवस असेच आखतात आणि पाहुण्यानेही तसेच आखले तर त्याच पैशांत दुप्पट पाहून होते.

आधी महिन्यांचा हिशेब करू. १ जून ते ३१ जुलै या काळात पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. समुद्र खवळलेला असल्याने सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्याही पावसाळ्यात बंद राहतात. या दिवसांत ताटात ताजी सुरमई आली तर ती ताजी नाही एवढे समजावे. खाडीतले मासे, खेकडे आणि सुकी मासळी यांचे ते दिवस असतात आणि आंबोलीचा घाट, भातलावणी व धबधबे यांसाठी येणाऱ्याने ते अवश्य निवडावेत. गणेशोत्सवात मात्र पाहुणा म्हणून येऊ नये. घराघरांत चाकरमानी परतलेले असतात, रेल्वेत उभे राहायला जागा नसते आणि ज्यांच्या हातचे जेवायला आपण येतो ती माणसे त्या दिवसांत स्वतःच्या घरच्या गणपतीत असतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ हिंडण्यासाठी सर्वांत सुखाचा असतो. एप्रिल-मेमध्ये उकाडा जीव नकोसा करतो, पण आंबा, फणस आणि रातांबे (कोकमाची फळे) त्याच वेळी तयार होतात, म्हणून ज्याला जी गोष्ट प्रिय असेल त्याने तो महिना धरावा.

आता खाण्याविषयी सांगतो. शहरातून येणारा पाहुणा खानावळीत बसताच सुरमई किंवा पापलेट मागतो आणि भाव ऐकून दचकतो. या दोन माशांची मागणी मुंबईपासून परदेशापर्यंत असल्यामुळे ते येथेही स्वस्त नसतात. पाटीवर भावाऐवजी ‘बाजारभावाप्रमाणे’ लिहिलेले असेल तर मागवण्यापूर्वी तुकडीचा दर विचारण्यात काहीही संकोच बाळगू नये. त्याहून चांगला मार्ग म्हणजे ‘आज काय आलंय?’ असा प्रश्न करणे. त्याचे उत्तर बांगडा, तारली, सौंदाळे, कर्ली, मोरी किंवा तिसऱ्या यांपैकी काहीही असू शकते आणि खरे मालवणी जेवण याच माशांचे असते. बांगडा आणि तारली हे तेलकट मासे असल्यामुळे त्यांच्या आमटीत तिरफळे, म्हणजे मसाल्याची छोटी सुकी फळे, घालतात. तिरफळातली काळी बी काढून टाकतात, साल किंचित ठेचून आमटीत सोडतात आणि वाढताना ती बाजूला सारायची असते. नवख्या माणसाने ती चावली तर जीभ थोडा वेळ बधिर होते, हे आधीच सांगून ठेवतो. कर्ली चवीला फार गोड असते, परंतु तिच्यातील बारीक काटे काढायला सवय आणि सवड दोन्ही लागतात, म्हणून ती लहान मुलांना देऊ नये. मोरीचे, म्हणजे लहान शार्कचे, झणझणीत तिखले भाकरीबरोबर खावे.

खानावळ निवडताना मी दोन गोष्टी पाहतो. दुपारी बारा-साडेबाराला तेथे स्थानिक कचेरीतली आणि दुकानांतली माणसे जेवत आहेत का, ही पहिली गोष्ट. सोलकढी कशी आहे, ही दुसरी. सोलकढी नारळाचे दूध आणि कोकमाचे आगळ, म्हणजे मीठ घातलेला रस, यांची असते, त्यात लसूण, हिरवी मिरची आणि कोथिंबीर यांचा वास असतो. पेला थोडा वेळ तसाच ठेवला तर नारळाच्या दुधाचा जाडसर थर वर येऊ लागतो आणि खालचा रंग फिका जांभळट-गुलाबी दिसतो. जी सोलकढी अर्ध्या तासानंतरही एकसारखी भडक गुलाबी राहते, तिच्यात नारळ कमी आणि रंग अधिक असतो. ज्या घरात सोलकढीत काटकसर होते तेथील वाटपातही होते, असा माझा अनुभव आहे. मालवणच्या बाजारपेठेतील चैतन्य आणि सावंतवाडीतील भालेकरांची खानावळ ही नावे सर्वतोमुखी आहेत आणि ती मीही सुचवतो. सुटीच्या दिवसांत तेथे रांग असते, म्हणून बाराच्या सुमारास पोहोचावे. परंतु ज्या घरी न्याहारी-निवासाची सोय घेतली असेल तेथेच एक वेळचे जेवण आदल्या रात्री सांगून ठेवावे, असा माझा आग्रह असतो. घरच्या पाट्यावर किंवा मिक्सरमध्ये त्याच सकाळी वाटलेल्या खोबऱ्याची चव हॉटेलच्या एकत्र केलेल्या ग्रेव्हीला येत नाही.

मासे न खाणाऱ्यांना कोकणात उपाशी राहावे लागते, हा समज कोणी पसरवला हे कळत नाही. काळ्या वाटाण्याचे सांबारे आणि आंबोळी हा येथील सणावाराचा बेत आहे. कुळथाची पिठी आणि उकड्या तांदळाचा भात हे रोजचे जेवण आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये ओल्या काजूंची उसळ मिळते आणि तिच्यासाठी मी मासळीही बाजूला ठेवीन. ओला काजू सोलताना सालीतला चीक हाताला लागतो आणि कातडी भाजते, त्यामुळे सोलणाऱ्या बायका हाताला तेल किंवा राख लावून बसतात. बाजारात ओल्या काजूगराचा वाटा महाग का, असा प्रश्न करणाऱ्याने आधी त्यांच्या बोटांकडे पाहावे. सकाळी घावणे आणि चटणी मागावी. शेवया नारळाच्या गोड रसात बुडवून देतात त्या शिरवाळ्या कोठे मिळाल्या तर सोडू नयेत, कारण त्या करायला दोन माणसांचे बळ लागते आणि म्हणून आता त्या फार कमी घरांत होतात. कोंबडी-वडे सर्वत्र मिळतात, फक्त वडे तळून ठेवलेले नसावेत.

मासळीची खरेदी करायची नसली तरी मालवणला एकदा लिलाव पाहावा. होड्या लागल्या की वाळूवर टोपल्या उतरतात आणि लिलाव इतक्या भराभर चालतो, की आकडा कोणी बोलला आणि माल कोणी उचलला हे नवख्याला समजत नाही. वेळ रोज सारखी नसते, म्हणून आदल्या दिवशी एखाद्या होडीवाल्याला विचारून ठेवावे. बाजारात मासे विकणाऱ्या काकींशी घासाघीस करण्यापूर्वी माशाचे डोळे आणि कल्ले पाहावेत. एकदा मी आधी भाव विचारला तेव्हा एका काकींनी मला ऐकवले होते, ‘‘आधी डोळे बघा, कल्ले बघा, मगे दर इचारा!’’ डोळा फुगीर आणि चकचकीत, कल्ला लालभडक, आणि अंग बोटाने दाबल्यावर खळगा न राहणारे असावे. बऱ्याच न्याहारी-निवासांत आपण आणलेले मासे करून देतात. फक्त ते सकाळी आठ-नऊच्या आत स्वयंपाकघरात पोहोचायला हवेत.

आता तिथीकडे वळू. भरती-ओहोटीचा जुना हिशेब किनाऱ्यावरच्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतो : तिथीचा आकडा पाऊणपट केला की भरतीची वेळ निघते. अष्टमीला ती सहाच्या सुमारास येते आणि पौर्णिमेला सव्वाअकराच्या आसपास, त्यानंतर सहा तासांनी ओहोटी लागून पाणी तळाला जाते. पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे पाणी अधिक चढते आणि अधिक उतरतेही. मालवणच्या दांडी किनाऱ्यावर दांडगेश्वराच्या देवळासमोर पद्मगड आहे. तो पाहायचा तर असाच दिवस निवडून संध्याकाळी पाचच्या सुमारास, स्थानिक माणसाला बरोबर घेऊन, गुडघाभर पाण्यातून जावे. पाणी फिरू लागले की छायाचित्रे आवरती घेऊन परतावे, कारण खडक शेवाळलेले असतात आणि परतीची वाट पाहता पाहता बुडते. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते, तेथील बेटासारखा वाळूचा दांडा पाहण्यासाठीही ओहोटीच लागते. भर भरतीला पोहोचलेल्या पर्यटकांना ‘बेट कोठे आहे?’ असे विचारताना मी पाहिले आहे.

सिंधुदुर्ग किल्ल्याला मात्र सकाळच्या पहिल्या होड्यांपैकी एखादीने जावे. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर या किल्ल्याच्या बांधकामाला आरंभ केला. पायाभरणीच्या वेळी ज्या खडकाची पूजा झाली तो मोरयाचा धोंडा अजून मालवणच्या किनाऱ्यावर आहे. त्यावर गणपती, सूर्य आणि चंद्र कोरलेले दिसतात आणि किल्ल्याकडे धावणाऱ्या शंभरांतल्या नव्वदांना तो दिसतच नाही. किल्ल्याचे मुख्य द्वार गोमुखी असल्यामुळे होडी अगदी जवळ येईपर्यंत तटात वाट कोठे आहे हे कळत नाही. आत महाराजांच्या हाताचा आणि पायाचा चुन्यातला ठसा आहे, राजाराम महाराजांनी बांधविलेले शिवराजेश्वराचे मंदिर आहे आणि चहूबाजूंनी खारे पाणी असताना दूधबाव, साखरबाव व दहीबाव या गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत. होडीवाले साधारण तासाभराची वेळ देतात, परंतु ४८ एकरांच्या किल्ल्याला एक तास पुरत नाही. निघतानाच त्यांच्याशी बोलून पुढच्या फेरीने परतण्याचे ठरवावे आणि तटावरून चालत जावे. आत आजही काही कुटुंबे राहतात. त्यांच्याकडून ताक किंवा सरबत घ्यावे आणि बाटल्या-वेष्टने परत मालवणला आणावीत. भोवतालच्या समुद्राचा काही भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तारकर्लीला पाण्याखाली उतरण्याची हौस असेल तर प्रशिक्षित माणसे आणि नीट साहित्य पाहूनच उतरावे, भाव कमी सांगणाऱ्याकडे केवळ भावासाठी जाऊ नये.

वारांपैकी मंगळवार सावंतवाडीसाठी राखावा, बुधवार कुडाळसाठी आणि सोमवार मालवणसाठी, कारण त्या त्या दिवशी तेथे आठवडा बाजार भरतो. खेड्यांतून आलेल्या बायका परसातल्या लाल भाजीच्या जुड्या, वाल, काकड्या, गावठी अंडी, कुळीथ, हळदीची पाने आणि मोसमानुसार रानातल्या भाज्या घेऊन बसतात. येथे घासाघीस करणे मला प्रशस्त वाटत नाही, दोन जुड्यांमागे पाच रुपये सुटले म्हणून कोणाचे काही बिघडत नाही. दुपारी एक ते चार या वेळेत कोकणातली बाजारपेठ झोपते. त्यामुळे खरेदी सकाळी किंवा उन्हे कलल्यावर करावी.

सावंतवाडीला मोती तलावाच्या काठी भोसले संस्थानिकांचा राजवाडा आहे आणि तेथे गंजिफा पाहायला मिळतात. गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग असतात, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा अशी बारा पाने, म्हणजे एकूण १२० पत्ते. ही कला विझत चालली होती, तेव्हा शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यातच कारागीर बसवून तिला नवे जीवन दिले. पत्ता हातात घेऊन जवळून पाहावा : मत्स्यावताराच्या नऊच्या पानावर नऊ मासे असतील तर त्या प्रत्येकाचा डोळा वेगळ्या टिंबाने दिलेला असतो आणि कोणतेही दोन मासे तंतोतंत सारखे नसतात. पूर्ण संच महाग असतो आणि तो तसाच असायला हवा. एवढे शक्य नसेल तर सुटे नमुने किंवा गंजिफेची चित्रे असलेल्या लहान वस्तू घ्याव्यात.

तेथून चितार आळीत जावे. लाकडी फळे, भातुकली, पाट, चौरंग आणि देवघरे यांची दुकाने ओळीने आहेत. अलीकडे त्यांत बाहेरून आलेली प्लास्टिकची खेळणीही मिसळली आहेत आणि ती घेण्यासाठी सावंतवाडीपर्यंत येण्याची गरज नाही. लाकडी आंबा किंवा सीताफळ उचलून देठाजवळ पाहावे, तेथे रंगाखालचे लाकूड दिसते. रंगाचे थर सलग आहेत का आणि नखाने ते निघत नाहीत ना, हेही पाहावे. लहान मुलाला द्यायचे असेल तर कोणता रंग वापरला आहे हे दुकानदाराला स्पष्ट विचारावे, खरा कारागीर त्याचे उत्तर आनंदाने देतो.

काजू आणि कोकम घेतल्याशिवाय कोणी परतत नाही, परंतु बहुतेकजण ते महामार्गावरच्या झगमगीत दुकानातून घेतात. काजू शक्यतो वेंगुर्ले, कुडाळ किंवा सावंतवाडी येथील प्रक्रिया करणाऱ्या कारखान्याच्या विक्रीकेंद्रातून घ्यावा. तेथे २१०, २४०, ३२० असे आकडे कानावर पडतील. हा आकडा एका पौंडात साधारण किती गर बसतात ते सांगतो, म्हणून आकडा जितका लहान तितका गर मोठा आणि दर चढा. घरी भाजीसाठी किंवा मिठाईसाठी हवा असेल तर पाकळी किंवा तुकडा घ्यावा, चवीत काहीही फरक नसतो. सालीसकट भाजलेला काजू मात्र थोडा तरी घ्यावाच. कोकमाचे तीन पदार्थ वेगवेगळे असतात आणि घाईत त्यांची गल्लत होते. आमसुले ही आमटीसाठी वाळवलेली साल, आगळ हा मीठ घातलेला रस आणि अमृत कोकम हे साखरेचे सरबत. आमसूल बोटांना किंचित चिकट, लवचीक आणि काळसर जांभळे असावे, कडकडीत कोरडे झालेले घेऊ नये. मालवणी मसाला महिला बचत गटांकडचा चांगला असतो. उन्हाळ्यात वर्षभराचा मसाला भाजून कुटतात, तेव्हा मेमध्ये येणाऱ्याला तो ताजा मिळतो. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तरी देवगडच्या नावाची पेटी रस्त्यावर कोणीही विकू शकतो. म्हणून आंबा बागायतदाराच्या घरी जाऊन घेणे बरे. सुका बांगडा आणि गोलमा (सुका जवळा) घेणाऱ्याने तो तीन-चार वेष्टनांत बांधावा, अन्यथा परतीच्या डब्यातले सहप्रवासी आयुष्यभर लक्षात ठेवतील.

रात्रींविषयी कोणी विचारत नाही, म्हणून मीच सांगतो. कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास गावोगावच्या जत्रा सुरू होतात आणि जत्रेच्या रात्री देवळात दशावतार, म्हणजे येथील लोकनाट्य, होतो. मृदंग, पेटी आणि झांज एवढीच साथ असते, स्त्रीभूमिका पुरुष करतात आणि संवाद लिहिलेले नसतात, ते नटाच्या बुद्धीवर चालतात. मध्यभागी ठेवलेले साधे लाकडी बाकडे कधी सिंहासन होते तर कधी पर्वत. आरंभी गणपती, सरस्वती आणि संकासुर येऊन जातात आणि मुख्य आख्यान उशिरा रंगते, त्यामुळे दुपारी झोप काढून जावे. जत्रेत आले घातलेला गुळाचा खाजा आणि खडखडे लाडू विकायला असतात, ते तेथेच घ्यावेत. सोनुर्लीच्या माउलीची लोटांगणाची जत्रा त्याच दिवसांतली. आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेची तारीख मात्र देवीचा कौल घेऊन ठरते आणि ती जाहीर झाली की मालवणात खोली मिळत नाही.

कुडाळजवळच्या पिंगुळीला ठाकर समाजाच्या चित्रकथी, म्हणजे चित्रे दाखवत सांगायच्या कथा, आणि बाहुल्या आहेत. परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये त्यासाठी पद्मश्री मिळाली आणि त्यांच्या ठाकर आदिवासी कला आंगणात जुन्या पोथ्यांची चित्रे, कळसूत्री आणि चामड्याच्या बाहुल्या पाहता येतात. आधी कळवून गेल्यास खेळही पाहायला मिळतो. मुले बरोबर असतील तर येथे अर्धा दिवस सहज जातो.

वेंगुर्ल्याचा दिवस मी सैल ठेवतो. सकाळी बंदर, डच वखारीचे अवशेष आणि फळ संशोधन केंद्राचा परिसर पाहावा, दुपारी शिरोड्याकडे वळावे. १९३० मध्ये जेथे मिठाचा सत्याग्रह झाला त्या शिरोड्यात मिठागरे आहेत आणि उन्हाळ्यात त्यांवर मिठाचे ढीग दिसतात. पुढे रेडीला १९७६ मध्ये खाणीत सापडलेली द्विभुज गणेशाची भव्य मूर्ती आणि खाडीकाठचा यशवंतगड आहे. परतीची गाडी सावंतवाडी रोड स्थानकावरून असेल तर हा दिवस शेवटी ठेवावा. स्थानक गावापासून बरेच दूर असल्यामुळे रिक्षा आधीच सांगून ठेवावी, आणि डब्यात खाण्यासाठी सकाळच्या घावण्यांतले चार घावणे बांधून घ्यावेत.